रक्तगटावरून संशयित वगळताना

तपासात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: रक्तगट जुळला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन्ही गट साधारण दर तिसऱ्या माणसाचे. ही तपासणी निरपराध माणूस सोडवायला कामाची, आणि म्हणूनच ती जीव लावून करायची.

ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, डाग कुजतो. सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा, प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं, सील पंचांसमोर. डागाशेजारचा कोरा कपडाही पाठवा. घामामुळे किंवा साबणामुळे काही दिसतंय का, ते त्यावरून कळतं.

प्रयोगशाळेत आधी ते रक्त आहे का, आणि माणसाचंच आहे का, हे बघायचं. मग डागातले काही मिलिमीटरचे धागे घेऊन एकावर अँटी-ए, दुसऱ्यावर अँटी-बी, तिसऱ्यावर अँटी-एच सिरम (त्या-त्या खुणेला धरणारी प्रतिद्रव्यं असलेला द्रव) घालायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी गार सलाइनने धुवायचं, पुन्हा धुवायचं, कंटाळा आला तरी धुवायचं. जादा सिरम राहिलं तर नसलेला गट दिसतो. नंतर साधारण 55 अंशांवर ऊब दिली की धाग्याने धरलेली प्रतिद्रव्यं सुटतात. त्यात माहीत असलेल्या गटाच्या तांबड्या पेशी टाका. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुट्या तरंगल्या तर उत्तर 'नाही'. झुबके झाले तर 'आहे'.

'ए नाही, बी नाही, म्हणजे ओ' असं कधीही लिहू नका. कुजका डागही असाच गप्प बसतो. ओ लिहायचा तर एच (ओ गटाच्या पेशींवर भरपूर असणारी खूण) सापडलाच पाहिजे. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली जगापुढे आणलेल्या 'बॉम्बे' गटात तर एचही नसतो.

वगळतानाही सबुरी हवी. रशियात 1984 साली एकामागून एक खून करणाऱ्या आंद्रेई चिकातिलोला पकडलं होतं. त्याचं रक्त ए गटाचं, घटनास्थळावरचं वीर्य एबी ठरलेलं. खुनांच्या संशयातून तो निसटला आणि 1990 मध्ये पुन्हा पकडला जाईपर्यंत मारत राहिला. म्हणून वीर्याची तुलना वीर्याशीच करा, रक्ताची रक्ताशी. संशयिताला नुकतंच बाहेरचं रक्त चढवलंय का, तेही विचारा. डागात दोघांचं रक्त मिसळलेलं असू शकतं, हे गृहीत धरा. शंका राहिली तर अहवालात 'अनिर्णित' लिहा, आणि सगळा डाग वापरून टाकू नका; उरलेला डीएनएसाठी सीलबंद ठेवा.