पीएचडीनंतरचा निधी: आधी माणूस शोधा, मग योजना

शिवाजी विद्यापीठातून पीएचडी झालेली सांगली-साताऱ्याची मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, आता कुठल्या योजनेला अर्ज करू?" मी म्हणते, आधी कुणाकडे काम करायचं ते ठरवा.

योजना शोधणं त्या मानानं सोपं आहे. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांसाठी राष्ट्रीय पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहे. पूर्वी ती एसईआरबी (केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) द्यायची, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देतं. मुदत दोन वर्षं, वय ३५ पर्यंत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना ५ वर्षांची सवलत. सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) रिसर्च असोसिएटशिप आहे, सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) फेलोशिप आहे. परदेशी जायचं असेल तर जर्मनीच्या हुम्बोल्ट पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत, युरोपच्या मारी क्युरीला ८ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. कुठे वय मोजतात, कुठे पदवीची तारीख. दोन्ही पाहून कुठली संधी आधी निसटणार ते ठरवा.

आता ज्यांच्याकडे काम करायचं, त्या मार्गदर्शकाला पाठवायचं पत्र. "मी द्राक्षावरील रोगांवर काम केले आहे, संधी द्यावी" या पत्राला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध नीट वाचा आणि एक प्रश्न मांडा. माझा विषय भुरी, म्हणजे द्राक्षावरचा एक बुरशीचा रोग, म्हणून तिचंच उदाहरण देते. एकाच गटातलं बुरशीनाशक वारंवार फवारलं की भुरी त्याला दाद देईनाशी होते. पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेकडे जनुकं तपासायची सोय असेल, तर तुमच्याकडे तासगाव-पलूसच्या बागा आहेत, बागायतदारांची ओळख आहे, कुणी कधी काय फवारलं याच्या नोंदी मिळवता येतात. हे लिहा. गावाकडच्या या ओळखी म्हणजे तुमचं भांडवल आहे, ते लपवू नका.

प्रस्तावात तपासणारे सर्वांत आधी पाहतात ते काम जमेल का. भुरीची बुरशी जिवंत पानावरच वाढते, मग नमुने पुण्यापर्यंत कसे नेणार, तिथे रोपांवर कसे टिकवणार? हे तुम्हीच आधी लिहून टाका. वेळापत्रकही बागेकडे बघून करा. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, भुरी त्यानंतर दिसते. निधी जानेवारीत सुरू होईल असं धरून नमुने मार्चमध्ये दाखवलेत, तर निम्मा हंगाम हातचा गेलेला असतो आणि मुदत तर दोनच वर्षांची! खर्चात प्रवास, बर्फपेट्या, रसायनं वेगवेगळी दाखवा, ठोकळ आकडा टाकू नका.

कागदपत्रांत यजमान संस्थेचं, म्हणजे जिथे काम करणार तिचं, संमतिपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं. सही-शिक्क्यासाठी ते टेबलाटेबलावरून फिरतं, म्हणून जाहिरात निघण्याआधीच मार्गदर्शकाशी बोलून ठेवा. ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं काढावं. केंद्राच्या योजनेत राज्याच्या नमुन्यावर अडतं. तहसीलला अर्ज आजच टाका.