घरच्या ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस : टाकीची उभारणी आणि रोजची निगा

गोबरगॅस म्हटले की गोठा आणि शेण डोळ्यांसमोर येते. शेण मात्र जनावराच्या पोटातून एकदा पचून आलेले असते, तर शिळा भात, भाकरीचे तुकडे, पिकलेली केळी किंवा गिरणीतील सांडलेले पीठ यांतील पिष्टमय किंवा गोड भाग अजून शाबूत असतो. त्यामुळे वजनाला वजन धरले तर खरकट्यातून शेणापेक्षा बराच जास्त गॅस मिळतो आणि तोही लवकर. याच विचारावर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती आकाराचे सुटसुटीत संयंत्र विकसित केले आणि २००६ साली या कामाला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे दिलेली रचना त्याच पद्धतीची असून बंगल्याचे आवार, वाडी किंवा उन्हाची मोकळी गच्ची असलेल्या कुटुंबाला ती पेलण्याजोगी आहे. गच्चीवर ती बसवायची असल्यास भरलेल्या टाकीचे वजन टनाच्या घरात जाते, हे ध्यानात घेऊन इमारतीच्या जाणकाराचा सल्ला आधी घ्यावा.

पाण्याच्या प्लास्टिकच्या दोन टाक्या लागतात : एक १००० लिटरची आणि दुसरी तिच्यात सैलसर बसेल अशी ७५० लिटरची. दोन्हींची तोंडाकडील बाजू कापून काढावी, मोठी टाकी सपाट चौथऱ्यावर ठेवावी आणि लहान टाकी तिच्यात उपडी घालावी. दोहोंमधील फट दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा फार जास्त नसावी, कारण त्या फटीतून निघणारा गॅस हवेत जातो. मोठ्या टाकीच्या तळाजवळ भोक पाडून तेथून तीन-चार इंची पीव्हीसी पाइप बाहेरून वर न्यावा व त्याचे तोंड काठापेक्षा उंच ठेवावे. खाद्य यातूनच घालायचे असते. काठाच्या थोडे खाली, समोरच्या बाजूला, पचलेली रबडी (टाकीतले पातळ मिश्रण) बाहेर पडण्यासाठी दुसरा पाइप बसवावा. उपड्या टाकीच्या माथ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह येतो. जसजसा गॅस साठतो, तसतशी ही टाकी वर उचलली जाते, त्यामुळे किती गॅस शिल्लक आहे हे लांबूनही कळते.

प्रारंभी जिवाणूंचे विरजण लागते आणि ते शेणातच असते. किमान पन्नास किलो ताजे शेण पाण्यात गाठी न राहतील असे कालवून टाकीत ओतावे आणि उरलेली जागा पाण्याने भरावी. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे. जवळपास चालू गोबरगॅस असेल, तर तेथील दोन-चार बादल्या रबडी मिळवावी. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवाच अधिक असते. तो मोकळ्या जागी सोडून द्यावा व टाकीजवळ कधीही काडी ओढू नये. ज्योत तपासायची ती नळीच्या टोकाला लावलेल्या शेगडीवरच.

गॅस निळ्या ज्योतीने जळू लागला की खाद्य सुरू करावे आणि संयम राखायचा तो नेमका या टप्प्यावर. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाव किलो पुरे. मग हळूहळू वाढवत दोन किलोपर्यंत जावे. खरकटे मिक्सरमधून काढून तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पाण्यात मिसळून घालावे. लग्नकार्यातले उरलेले अन्न एकदम ओतणे हे बहुतेक घरगुती संयंत्रे बंद पडण्याचे कारण असते. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने काम करतात आणि त्याचे मिथेन (म्हणजे जळणारा वायू) करणारे जिवाणू मंद असतात. अन्न जास्त झाले की आम्ल साचते, मिथेन करणारे जिवाणू थंडावतात आणि रबडीला आंबूस वास येतो. पीएच पट्टीने सामू (म्हणजे पीएच) पाहावा : तो ७ च्या आसपास हवा. ६.५ च्या खाली गेल्यास खाद्य पूर्ण थांबवावे, थोडी चुन्याची निवळी आणि बादलीभर शेणकाला घालावा आणि ज्योत पुन्हा स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. लिंबू-संत्र्याच्या साली, कांद्याची टरफले, हाडे, अंड्याची कवचे, नारळाच्या शेंड्या आणि फिनेल किंवा साबणाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

दोन किलो खाद्यातून एका शेगडीवर साधारण अर्धा तास स्वयंपाक होतो. यात सिलिंडर पूर्ण सुटत नाही, पण रोजचा चहा आणि एखादी भाजी नक्की होते. हिवाळ्यात गॅस कमी मिळतो, म्हणून जागा उन्हाची निवडावी आणि थंडीत खाद्यही कमी करावे. सिलिंडरच्या शेगडीचे बारीक छिद्र या गॅसला पुरत नाही, तेव्हा बायोगॅसची शेगडीच घ्यावी. नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, त्यामुळे नळीला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी. दाब कमी वाटल्यास उपड्या टाकीवर दोन-तीन विटा समतोल ठेवाव्यात. बाहेर पडणारी रबडी पुढच्या खाद्यात पाण्याऐवजी वापरता येते. उरलेली चार-पाचपट पाणी मिसळून झाडांच्या आळ्यात घालावी.