फाल्गुनरावांच्या हातात फोन द्यायचा तर

नाटककार गो. ब. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आजच्या काळात आणून गल्लीच्या गणपतीत करायचं असेल, तर सगळ्यात आधी तसबिरीचं काय करायचं ते ठरवा. कपडे, विनोद, संवाद, सगळं मागाहून. नाटक उभं आहे ते त्या तसबिरीवर. १८९३ साली देवलांनी ते गद्यात लिहिलं तेव्हा त्याचं नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ होतं. पदं घालून ते संगीत झालं १९१६ साली.

मी खानापुरात मराठी शाळेत शिकवायची, आता गल्लीतल्या बायकांचं नाटक बसवते. देवल बेळगावच्या शाळेत शिकले, अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना तिथंच शिक्षक म्हणून भेटले. त्यामुळं हे नाटक मला घरचं वाटतं, आणि घरच्या वस्तूला हात लावताना लावावा तसाच जपून हात लावावा असंही.

मुळात घोटाळा असा. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर तिथं पडते, ती कृत्तिकेला मिळते. ती तसबीर न्याहाळत असतानाच फाल्गुनराव मागं येऊन उभा राहतो. आम्ही हे श्रावणी सोमवारी बेळगावच्या कपिलेश्वर मंदिराच्या दारात नेलं. समोर फाल्गुनरावाचं कापडदुकान, वर घर, गॅलरीत कृत्तिका. तसबिरीच्या जागी रेवतीचा मोबाईल.

पहिल्या तालमीतच नाटक बसलं ते खाली. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या करणारी बारावीतली पोर म्हणाली, “काकू, एक फोन लावला की सगळं मिटतंय की!” खरंच होतं. दोन दिवस मला झोप नाही. मग सुचलं, फोन लॉक पाहिजे. उघडता येत नाही, पण बटण दाबलं की अश्विनशेटचा हसरा चेहरा उजळतो. कृत्तिका तो पुन्हा पुन्हा उजळवते, कारण तिला वाटतं नवऱ्याच्या त्या बाईचं हे कोण. फाल्गुनरावाला मागून दिसतं ते एवढंच, की बायको एका तरुणाचं तोंड परत परत बघतेय.

पुढचं काम फोनच करतो. फाल्गुनराव तो हिसकावतो आणि नेमका तेव्हाच वाजतो. लॉक असला तरी आलेला फोन उचलता येतो, ही सोय देवलांना नव्हती. तो खेकसतो, “कोण?” पलीकडं अश्विनशेट. रेवतीच्या फोनवर पुरुषाचा आवाज! तो न बोलता फोन ठेवतो. झाला तिसरा संशयी. मग तो शोधत दुकानाशी येतो, दार कृत्तिका उघडते, आणि त्याला त्या घरातून बाहेर पडताना रेवती बघते. चार माणसं, एक फोन. दुसरी वस्तू आणू नका. प्रत्येकानं जे पाहिलं ते खरंच पाहिलेलं असू दे, आणि प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं ठाऊक असू दे. हसू तिथून येतं.

आमची कृत्तिका गोकाककडची. एका प्रसंगात ती खरं सांगायच्या बेतात येते आणि कळवळून म्हणते, “केळी, केळी!” कन्नडात ‘ऐका’. भादव्या आतून घड घेऊन धावत येतो आणि सांगायचं राहून जातं. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र ती भूमिका घरी कन्नड बोलणाऱ्या बाईलाच द्या. कुणी मोडकंतोडकं कन्नड बोललं तर लोक भाषेला हसतात, मला ते नको असतं. अश्विनशेटला मात्र मनसोक्त बेळगावी बोलू दे, “काय करूलैस?” म्हणू दे.

नावं बदलू नका. फाल्गुन, आश्विन, भाद्रपद हे महिने, कृत्तिका, रेवती ही नक्षत्रं. त्या जागी राहुल-पूजा केलंत तर गंमतच गेली. पदं निवडून घ्या, पण ‘हृदयी धरा हा बोध खरा’ अख्खं पाहिजे, पेटीवर, ट्रॅक लावून नको.

फाल्गुनराव रागीट करू नका. आमच्या वहिनी पहिल्यांदा नुसत्या ओरडायच्या. मी त्यांना म्हटलं, भिऊन बोला, बायको जाईल म्हणून. तेवढ्यानं प्रसंग बदलला.

फोनची घंटी विंगेतून वाजवू नका. खरा जुना फोन घ्या, आवाज मोठा करा, आतून दुसऱ्या फोनवरून लावा, आणि कधी लावणार ते हातात धरणाऱ्याला सांगू नका. तालमीत वहिनींच्या हातातून तो सुटून परकराच्या घोळात पडला, वाजतच राहिला. प्रयोगात त्या धोतर नेसतात, म्हणून आता धोतराच्या सोग्यात पाडतो.