चिचेन इत्साला निघण्याआधी

चिचेन इत्साचा पिरॅमिड खालूनच पाहायचा. २००६ पासून त्याच्यावर चढायला बंदी आहे. एवढ्या लांब मेक्सिकोत जाऊन नुसतं खालून काय बघायचं, असं मलाही वाटलं होतं. पण खाली उभं राहून मोजता येत असेल, तर तिथं अर्धा दिवसही पुरत नाही. हे मोजणं घरूनच शिकून जावं लागतं, म्हणून माझी यादी बॅगेपासून नाही, वहीपासून सुरू होते.

वही छोटीशीच घ्या आणि आठवडाभर आधी माया आकडे, म्हणजे हा पिरॅमिड बांधणाऱ्या माया लोकांचे आकडे, गिरवा. चिन्हं तीनच आहेत: टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखी आकृती म्हणजे शून्य. आपण दहांनी मोजतो, ते विसांनी मोजायचे. माझ्या आजीला हे शिकवावंच लागलं नसतं. ती अंडी, गोवऱ्या सगळं विसांनीच मोजायची, ‘तीन विसा आणि पाच’ असं. माया आकडे खालून वर रचतात. खाली सुटे, त्यांच्या डोक्यावर विसा. आता ९१ लिहून बघा. वर चार टिंबं, म्हणजे चार विसा. खाली दोन रेघा आणि त्यांवर एक टिंब, म्हणजे अकरा. पिरॅमिडला चार बाजूंनी चार जिने आहेत आणि प्रत्येकाच्या पायऱ्या ९१ धरतात. चारही मिळून ३६४, आणि माथ्यावरच्या देवळाची एक पायरी धरली की ३६५. आता ३६५ लिहा: वर अठरा, खाली पाच. त्यांचं वर्ष, म्हणजे ‘हाब’, नेमकं असंच आहे. वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी सुटे पाच दिवस. ही बेरीज आपल्या हातानं केलेली असली की तो जिना समोर आल्यावर कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. याच्या जोडीला २६० दिवसांची दुसरी गणनाही होती आणि दोन्हींचा मेळ दर ५२ वर्षांनी बसायचा, एवढंही टिपून ठेवा.

इतिहास किती वाचावा? निदान दोन गोष्टी तरी. पहिली मानी गावची. १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथं माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात त्यांच्या फक्त चार पोथ्या शिल्लक आहेत. पण याच लांदानं पुढं युकातानचं, म्हणजे या सगळ्या मुलखाचं, वर्णन लिहिताना माया अक्षरांचा एक तक्ता नोंदवून ठेवला आणि १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकानं त्याच तक्त्याचा धागा धरून ती लिपी उलगडायला सुरुवात केली. हे वाचून गेलं की कोरलेल्या दगडापुढून नुसतं फोटो काढून पुढं सरकवत नाही. दुसरी गोष्ट पिरॅमिडच्या पोटातली. १९३० च्या दशकात आत खोदलं तेव्हा याच्या आत आधीचा एक लहान पिरॅमिड सापडला आणि त्यात लाल रंगाचं जॅग्वारच्या, म्हणजे तिथल्या बिबट्यासारख्या प्राण्याच्या, आकाराचं आसन, अंगावरचे ठिपके हिरव्या जेडचे. आत सोडत नाहीत, तेव्हा त्याचे फोटो घरीच नीट पाहून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्याआधी वकिलातीच्या साइटवर खात्री करा. रोख पेसो हवेत, कारण प्रवेशाचे पैसे दोन ठिकाणी भरावे लागतात, एक केंद्राचे आणि एक राज्याचे. ड्रोन घरीच ठेवा. शेजारच्या राज्यातल्या कानकुन शहरातून निघणार असाल तर घड्याळाकडे लक्ष द्या: चिचेन इत्सा ज्यात आहे ते युकातान राज्य एक तास मागं आहे. त्यापेक्षा आदल्या रात्री वायादोलिद गावात मुक्काम करा. तिथून पाऊण तासात पोचता येतं आणि दार आठ वाजता उघडतं. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ, तोच निवडा. रुंद कडेची टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी हवंच, कारण मोकळ्या पटांगणात सावली नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दुपार कलताना, उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण उमटतात आणि पायथ्याच्या सर्पमुखापर्यंत उतरलेला नाग दिसतो. त्या दिवशी हजारोंची झुंबड असते. दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर गेलात तरी जवळपास तेच दिसतं, आभाळ मात्र मोकळं हवं.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. घेवड्याच्या उसळीतही ती असते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’ असं आधीच सांगायचं. भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची ‘सिकिल पाक’ नावाची चटणी मात्र जरूर मागा. मक्याच्या तोर्तियाबरोबर ती आपल्या जिभेला लगेच पटते. तो मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात.

चुना तिथं पायाखालीच आहे. सगळा मुलूख चुनखडीचा, पाऊस पडला की जमिनीत मुरतो, वर नद्या नाहीत. छत खचून जमिनीखालचं पाणी उघडं पडलं की त्याला सेनोते म्हणतात. आपली बारव माणसानं खोदलेली, हा आपोआप झालेला. गावाच्या नावातच तो आहे: ची म्हणजे तोंड, चेन म्हणजे विहीर, इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी. पिरॅमिडपासून उत्तरेला चालत गेलं की सुमारे साठ मीटर रुंदीचा तो पवित्र सेनोते लागतो. त्यातून सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडंही निघाली आहेत. तिथं पोहत नाहीत. पोहायला जवळच दुसरे सेनोते आहेत. उतरण्याआधी अंगाचं सनस्क्रीन धुवायला लावतात, तेव्हा टॉवेल आणि कोरडे कपडे बरोबर ठेवा.

आणि ‘माया लोक नाहीसे झाले’ हे वाक्य घरीच सोडून या. युकातानात लाखो लोक आजही माया भाषा बोलतात. आवारात लाकडी मुखवटे विकणाऱ्यांतही ती ऐकू येते. ‘बिश आ बेल’ म्हणजे कसं काय, ‘दिओस बोओतिक’ म्हणजे आभारी आहे. मी पहिलं वाक्य अडखळत म्हटलं, तेव्हा मुखवटे मांडणाऱ्या मावशींनी हातातलं काम थांबवून माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला.

आठ वाजता पोचायचा आग्रह मी एका टाळीसाठी धरते आहे. उत्तरेच्या जिन्यासमोर थोडं लांब उभं राहून एकच जोरात टाळी वाजवा. प्रत्येक पायरीवरून आवाज किंचित उशिरानं परततो, हे अंतर वाढत जातं आणि प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा खाली घसरत येतो. तिथले लोक म्हणतात, हा केत्साल पक्षी. नऊनंतर गर्दी वाढते, विक्रेत्यांच्या जॅग्वारसारख्या गुरगुरणाऱ्या शिट्ट्या सुरू होतात आणि मग तो नीट ऐकू येत नाही.