शॉवरची काच गळतेय? सिलिकॉन कुठं भरायचं आणि कुठं मोकळं सोडायचं

शॉवरच्या काचेखालून पाणी बाहेर आलं की पहिला हात सिलिकॉनच्या नळीकडे जातो. आतून एक जाड रेघ ओढली जाते, आठवडाभर बरं जातं आणि मग पायपुसणं पुन्हा भिजू लागतं. नळी बदलून उपयोग होत नाही, कारण बहुतेक वेळा सिलिकॉन चुकीच्या बाजूला भरलेलं असतं.

काच ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसते तिच्यात थोडं पाणी शिरतंच. गॅस्केट, म्हणजे काचेच्या कडेची रबरी पट्टी, कितीही चांगलं असलं तरी शिरतं. ते पाणी पट्टीच्या आतल्या कडेनं परत न्हाणीत उतरावं अशीच तिची रचना असते. आतली कड सिलिकॉननं बुजवली की त्याची परतीची वाट बंद होते. मग पाणी पट्टीत साठतं आणि कोपऱ्यातून किंवा स्क्रूच्या भोकातून बाहेर येतं. म्हणून पट्टी-भिंत आणि पट्टी-फरशी हे सांधे बाहेरच्या बाजूनं सलग भरायचे आणि आतून मोकळे ठेवायचे. पट्टी नसेल, काच थेट फरशीवर किंवा ग्रॅनाईटच्या उंबऱ्यावर उभी असेल, तर मात्र दोन्ही बाजूंनी भरावं लागतं. काचेसोबत बसवण्याची सूचनापत्रिका आली असेल आणि तिच्यात वेगळं सांगितलं असेल तर तिचंच ऐका.

हे सगळं करण्याआधी गळती काचेचीच आहे ना, ते पाहा. बेळगाव-खानापूर भागातल्या पुष्कळ जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. चिरा सच्छिद्र असतो. एका ठिकाणी आत गेलेलं पाणी त्यातून भलतीकडेच फुटतं, त्यामुळे पोपडे जिथं दिसतात तिथंच गळती असेल असं समजू नका. न्हाणी पुसून कोरडी करा आणि एक दिवस शॉवर वापरू नका. तरीही ओल वाढत राहिली तर पाइपचा संशय घ्या. ओल वाढली नाही तर नहाणी ट्रॅपवर, म्हणजे पाणी जायच्या भोकावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा आणि 24 तास ठेवा. पाणी उंबऱ्याच्या कडेपेक्षा खालीच राहू द्या. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली तर दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. तिथं सिलिकॉनचे पैसे वाया जातील. गवंड्याला बोलवा.

दोन्ही चाचण्यांत ओल आली नाही की दोषी काच.

आता सामान. सिलिकॉनच्या नळीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय दुकानातून हलू नका. बाथरूमसाठी बुरशीरोधक, म्हणजे सॅनिटरी प्रकारचं घ्या. त्यातही ‘न्यूट्रल’ हवं. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन स्वस्त पडतं, पण ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. आपल्याकडच्या न्हाण्यांत शहाबादी फरशी आणि कडप्पा सर्रास असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाची त्यांच्याशी प्रतिक्रिया होते, त्यामुळे सांधा धरत नाही. संगमरवराचंही तेच होतं. ग्रॅनाईटवर अशी प्रतिक्रिया होत नाही, पण सच्छिद्र दगडाच्या कडेला तेलकट डाग उमटू शकतो, म्हणून आधी एखाद्या तुकड्यावर लावून पाहा. ‘न्यूट्रल’ हा शब्द सीमाभागातल्या दुकानात मराठीत म्हटला काय, कानडीत म्हटला काय, एकच आहे. नळीची मुदतही बघा. संशय वाटला तर कागदावर थोडं पिळून ठेवा. दुसऱ्या दिवशी रबरासारखं झालं नाही तर ती नळी परत करा.

किती लागेल? नळी साधारण 280 मिलिलिटरची असते. 6 मिलिमीटर कडेची त्रिकोणी रेघ धरली तर हिशेबानं 15 मीटरच्या आसपास निघते, पण वाया जाणारं धरून 10 मीटरच मोजा. दोन उभ्या पट्ट्या आणि एक खालची, अशा साध्या काचेला पाच-सहा मीटर लागतं, म्हणजे एक नळी पुरते. शिवाय सिलिकॉन गन, मास्किंग टेप, जुनं काढायला पात्याची खरवडणी, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकी घ्या. फट 5 मिलिमीटरहून रुंद असेल तर फोमची दोरी आधी आत सारा. दोरीनं सिलिकॉन वाचतं. त्याहून मोठा फायदा असा, की सिलिकॉन फटीच्या तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना चिकटतं. मग सांधा थोडा हलला तरी ते ताणलं जातं आणि फाटत नाही.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम जुनं सिलिकॉन काढण्याचं. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही. वरून मारलेला थर महिन्याभरात सालीसारखा निघतो. सगळं खरवडा, उरलेला चकचकीत पापुद्राही काढा. फटीत गवंड्यानं पांढरं सिमेंट भरलं असेल तर तेही उकरा. ते ताठ असतं. काच आणि धातू गरम पाण्यानं फुगतात-आकसतात, तेव्हा त्याला तडे जातात. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार साचले असतील तर तेही घासून काढा. टॉयलेटचं अ‍ॅसिड मात्र इथं वापरू नका, ते ग्राउट (टाइलच्या सांध्यातलं भरण) आणि शहाबादी दोन्ही खातं. शेवटी अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा आणि नंतर तिथं बोट लावू नका.

मग वाळवा. पावसाळ्यात याच जागी काम फसतं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळेच पक्कं होतं, त्यामुळे जुलैतली हवा त्याला अडचणीची नाही. ओला पृष्ठभाग अडचणीचा आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ग्राउटच्या आत ओल मुरलेली असते, वरून हात लावून ती कळत नाही. शॉवर दोन दिवस बंद ठेवा, दारातून पंखा सोडा, हेअर ड्रायर असेल तर फटीत गरम हवा द्या. फटीवर पारदर्शक टेपचा तुकडा रात्रभर चिकटवा. सकाळी आतून धुकं दिसलं तर आणखी एक दिवस थांबा. उन्हाळ्यातच काम काढलंत तर यातलं निम्मं वाचतं.

नवी काच बसवून घेत असाल तर दोन गोष्टी कारागिराकडून आधीच करून घ्या. फरशीत किंवा उंबऱ्यात भोक पाडू देऊ नका. खालची पट्टी सिलिकॉनवरच चिकटवता येते, आणि भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंगला छेद जातो. भिंतीतली भोकं टळत नाहीत, म्हणून गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी, बसवण्याआधी प्रत्येक भोकात सिलिकॉन भरा. दुसरं, पट्टी जिथं टाइलच्या सांध्यावरून जाते तिथं ग्राउटची खाच टाइलपेक्षा खोल असते, आणि पाणी त्या खाचेतून पट्टीखालून सरळ बाहेर जातं. या खाचा आधी सिलिकॉननं टाइलच्या पातळीपर्यंत भरून घ्या. उंबऱ्याचा उतार दोन-तीन मिलिमीटर तरी आतल्या बाजूला हवा. तो बाहेर झुकला असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाईल.

भरताना फटीच्या दोन्ही बाजूंना टेप लावा. नोझल 45 अंशात कापा, तोंड फटीहून किंचित मोठं ठेवा. एक बाजू घ्या, न थांबता एका दमात भरा. कोपऱ्यात थांबून पुन्हा सुरू केलं तर तिथं बारीक भोक राहतं आणि गळती त्याच भोकातून सुरू होते. दहा मिनिटांत वर पापुद्रा येऊ लागतो, त्यामुळे पाचेक मिनिटांत बोटानं किंवा खरवडणीच्या गोल टोकानं दाबून घ्या. साबणाचं पाणी बोटाला लावा, फटीवर मात्र आधी शिंपडू नका. टेप लगेच, ओलं असतानाच काढा. मग दुसरी बाजू.

24 तास पाणी लावू नका. जाड सांध्याला 48 तास द्या.

चाचणी खालून वर करत न्या. बाहेर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, आतून मगानं आधी फक्त खालच्या पट्टीवर पाणी टाका आणि दहा मिनिटं थांबा. मग उभ्या कडा, शेवटी दार. पहिल्यांदाच वरून शॉवर सोडला तर सगळं एकदम ओलं होतं आणि कुठून आलं ते कळत नाही.

दाराच्या बाबतीत सिलिकॉनचा काही संबंध नाही, तिथं पीव्हीसी सील लागतं. काचेची जाडी मोजून घ्या, 8 मिलिमीटरचं सील 10 च्या काचेवर चढत नाही. खालच्या सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला वळलेली हवी. ती उलटी बसवली तर पाणी बाहेर वळतं, आणि ही चूक फार सापडते. सील पिवळं, कडक झालं की बदला. कुणी काच कापून किंवा भोक पाडून ‘अ‍ॅडजस्ट’ करतो म्हणालं तर हो म्हणू नका, टफन्ड काच त्याच क्षणी चुरा होते. आणि शॉवरची धार थेट दारावर पडत असेल तर आधी शॉवरचं तोंड फिरवून पाहा.