फोटोडायोडचा अॅम्प्लिफायर नीट चालत नसेल तर

सर्किट नेहमीचंच धरू. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा डायोड), एमसीपी६००२ ऑप-अॅम्प (त्या बारीक करंटचं मोजता येईल असं व्होल्टेज करणारी आयसी) आणि ५ व्होल्ट सप्लाय. डायोडचा कॅथोड पिन २ ला, अॅनोड ग्राउंडला, पिन ३ ही ग्राउंडला. आउटपुट पिन १ वर मिळतं; ते परत इनपुटला जोडणारा फीडबॅक रेझिस्टर पिन १ आणि २ च्या मध्ये.

बिघाड दिसला की लगेच आयसी बदलू नका. दोष बहुतेकदा जोडणीत किंवा रेझिस्टर किती ओहमचा आहे त्यात असतो. आधी सप्लाय मोजा, तोही थेट आयसीच्या पिन ८ (५ व्होल्ट) आणि ४ (ग्राउंड) वर. काही ब्रेडबोर्डच्या लांब पट्ट्या मधोमध तुटक असतात, त्यामुळे एका टोकाला ५ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही असं होतं.

आउटपुट शून्यावरून हलत नसेल तर डायोड उलटा लागलाय का ते बघा. उलट्या डायोडमुळे आउटपुटला ग्राउंडच्या खाली जायचं असतं आणि तिथे सप्लायच नसतो. खात्री करायला डायोड काढून मीटरच्या २०० मायक्रोअॅम्पिअर डीसी रेंजला जोडा. उजेडात आकडा वाढला आणि झाकल्यावर पडला, तर डायोड चांगला आहे. आकडा धन येतो तेव्हा लाल प्रोब अॅनोडवर असतो. झाकायला बोट वापरू नका, त्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार जातो. काळी डबी पालथी घाला.

आउटपुट वर ५ व्होल्टपाशी चिकटलं असेल तर फीडबॅक रेझिस्टर जास्त ओहमचा झालाय. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून गणित करूनच बघा: डायोडचा करंट गुणिले रेझिस्टर म्हणजे आउटपुट. फिलामेंटच्या दिव्याच्या १००० लक्स उजेडात हा डायोड साधारण ७० मायक्रोअॅम्पिअर देतो; ३०० लक्सला २१ मायक्रोअॅम्पिअर. त्याला १ मेगाओहम लावला तर २१ व्होल्ट हवेत, ते येणार कुठून? १०० किलोओहम लावा, २.१ व्होल्ट मिळतील. एलईडी दिव्यात अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो, त्यामुळे आकडा कमी येईल. एमसीपी६००२ ऐवजी एलएम३५८ हा ऑप-अॅम्प असेल तर ५ व्होल्टवर आउटपुट साधारण ३.५ च्या वर जात नाही. तो बिघाड नाही.

तरी शंका उरली तर डायोड काढा, पिन ३ ग्राउंडवरून सोडवा आणि ५ व्होल्टपासून १० किलोओहम, ग्राउंडकडे १ किलोओहम असा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रेझिस्टरची जोडी) करून त्याचा मधला बिंदू पिन ३ ला द्या. पिन १ वर ०.४५ व्होल्ट आले तर ऑप-अॅम्प आणि फीडबॅक दोन्ही ठीक.

तारेजवळ हात नेला की रीडिंग बदलतंय? सर्किट ऑसिलेट होत असावं, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली होत असावं. फीडबॅक रेझिस्टरला समांतर २२ पिकोफॅरड लावा, पिन ८ आणि ४ मध्ये १०० नॅनोफॅरड अगदी आयसीला चिकटून द्या, आणि डायोडच्या तारा आखूड करा. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे १०० हर्ट्झने लुकलुकतात; फक्त सरासरी उजेड हवा असेल तर २२ पिकोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर बसवा, मग १०० किलोओहमसोबत कटऑफ (ज्याच्या वरचे वेगवान बदल दबतात ती वारंवारता) १.६ हर्ट्झवर येतो.