मॉस्कोतल्या सोव्हिएत बिल्डिंगा कशा बघायच्या: आधी समोरून, मग मागून

मॉस्कोला जाणारे बरेच जण स्टालिनच्या काळातल्या त्या उंच इमारतींचे फोटो रस्त्याच्या पलीकडूनच काढतात आणि पुढे सटकतात. तसं करू नका. इथली सोव्हिएत इमारत दोन बाजूंनी बघायची असते, समोरची बाजू मिरवायला आणि मागची राहायला. एक अख्खा दिवस काढा, शूज चांगले घाला, मेट्रोचं त्रोइका कार्ड घ्या, बास.

सुरुवात मायाकोव्स्काया स्टेशनपासून करा. 1938 चं स्टेशन आहे, छतात छोटे छोटे घुमट आणि प्रत्येकात दैनेका या चित्रकाराचं मोझाइक, एकूण 34, विमानं, पॅराशूट, म्हणजे सगळं आकाशच, पण चालता चालता ती नीट दिसत नाहीत, बरोबर घुमटाखाली उभं राहून मान वर करावी लागते. ऑफिसच्या गर्दीत असे मधेच थांबलात तर धक्के खाल, म्हणून जरा उशिरा जा. युद्धात बॉम्बहल्ले व्हायचे तेव्हा लोक इथे आसऱ्याला यायचे आणि नोव्हेंबर 1941 मध्ये 1917 च्या क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभाही स्टालिनने इथेच घेतली. जाता जाता, गाडीत अनाउन्समेंटकडे कान द्या, पुरुषाचा आवाज असेल तर गाडी शहराच्या मध्याकडे चाललीय, बाईचा असेल तर बाहेर. रिंग लाइनवर मात्र हे चालत नाही, तिथे आवाजावरून गोल फिरायची दिशा कळते.

वर आलात की त्वेर्स्काया रस्त्याने क्रेमलिनच्या दिशेने चालत सुटा. 1930 च्या दशकात हा रस्ता रुंद केला आणि मधे येणाऱ्या काही इमारती पाडायच्या ऐवजी चक्क रुळांवरून मागे सरकवल्या! त्वेर्स्काया 6 च्या कमानीतून आत शिरा, अंगणात साव्विन्स्कोये पोद्वोर्ये नावाची क्रांतीआधीची नटलेली इमारत दिसेल, रंगीत टाइल्स, टोकदार मनोरे वगैरे. ही आधी रस्त्याजवळ होती, 1939 मध्ये एका रात्रीत साधारण 50 मीटर मागे नेली, वजन 23 हजार टन, आणि राहणारे लोक आतच होते. तिच्यापुढे मग नवी भव्य बिल्डिंग उभी राहिली, त्यामुळे रस्त्यावरून ही दिसतच नाही. इथे घाई करू नका, नव्या बिल्डिंगची पाठ पण नीट बघा, रस्त्याच्या बाजूचा थाट मागे येईपर्यंत किती उतरलाय ते लगेच कळतं.

आता स्टालिनच्या काळातल्या त्या प्रसिद्ध सात उंच इमारती, ज्यांना सात बहिणी म्हणतात. पायाभरणी 1947 ची, खरं तर आठ बांधायच्या होत्या, आठवी झालीच नाही. माझं मत विचाराल तर सातही बघायची गरज नाही, मॉस्को युनिव्हर्सिटीची सगळ्यात उंच आहे, 240 मीटर, पण आत जायला पास लागतो, म्हणून ती लांबूनच बघा आणि वेळ कोतेल्निचेस्काया नदीकाठच्या इमारतीला द्या. तिथे लोक राहतात. तळमजल्यावर इल्लुझिओन नावाचं जुनं थिएटर आहे. बिल्डिंगला पूर्ण वळसा घाला, वरचे पुतळे नि टोकाचा तारा बघून झाले की खाली गाड्या कुठे लावल्यात, कचऱ्याचे डबे कुठे आहेत, मुलं कुठे खेळतात ते बघा.

हा सगळा थाट एका कागदाने थांबला. नोव्हेंबर 1955 मध्ये, स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याच्या काळात, बांधकामातली उधळपट्टी बंद करायचा हुकूम निघाला आणि खांब, मनोरे, नक्षी सगळं गेलं. त्याचा परिणाम बघायला मेट्रोने अकादेमिचेस्कायाला उतरा, स्टेशनच बघा ना, 1962 चं, साध्या खांबांच्या दोन रांगा नि टाइल्स. तिथून जवळच नोव्ये चेर्योमुश्की या वस्तीचा नववा क्वार्टर, म्हणजे घरांचा गट, आहे, 1950 च्या दशकाच्या शेवटी प्रयोग म्हणून बांधलेला, मग हाच साचा देशभर गेला.

ख्रुश्चोवका, म्हणजे ख्रुश्चेव्हच्या काळातली ही साधी बिल्डिंग, ओळखायची कशी? पाच मजले मोजा (त्याहून जास्त केले तर लिफ्ट द्यावी लागली असती, म्हणून पाच), छत जेमतेम अडीच मीटर, किचन सहा-एक चौरस मीटरचं. काँक्रीटच्या तयार पॅनेलची बिल्डिंग असेल तर पॅनेलमधल्या फटी डांबरासारख्या काळ्या मसाल्याने भरलेल्या दिसतात. बाल्कन्या बघा, प्रत्येकाने आपापल्या परीने काचा लावून बंद केलेल्या, एकीची दुसरीशी जुळत नाही. किचनच्या खिडकीखाली भिंतीत कधी एक छोटं भोक किंवा जाळी दिसेल, आत कपाट असतं, हिवाळ्यात तोच फ्रिज.

खुराडी म्हणून नाक मुरडायच्या आधी एवढं लक्षात घ्या की यातले कित्येक लोक कोमुनालकातून आले होते, म्हणजे एका कुटुंबाला एक खोली, किचन नि संडास सगळ्यांचा मिळून एक, दारावर घराघराची वेगळी बेल. इथे स्वतःचं दार, स्वतःचा नळ. 2017 पासून शहरात अशा बिल्डिंगा पाडून उंच टॉवर बांधायची मोठी योजना चालू आहे, तेव्हा बघायच्या असतील तर फार लांबणीवर टाकू नका.

आणि हो, जिन्याच्या दाराला कोडचं कुलूप असतं, कुणीतरी दार उघडलं म्हणून त्याच्या मागोमाग आत घुसू नका, लोकांची घरं आहेत ती. बाहेर बाक असतो, त्यावर बसा, फोटो काढायचा तर भिंतीचा काढा, खिडकीत झूम करू नका.